वारसा आणि वारस : निर्णयसागर छापखान्याच्या उत्तरकाळाची एक समीक्षा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई शहरात ज्या स्वदेशी उद्योगसंस्था उदयास आल्या, त्यांत काळबादेवी-गिरगाव परिसरातील निर्णयसागर छापखान्याचे स्थान वेगळे आहे. त्याच काळात परळ-लालबागच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या कापडगिरण्यांच्या मानाने त्याचे भांडवल अल्प होते. त्याचे उत्पादन मात्र आजही अभ्यासकांच्या हाती आहे. संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या क्वचितच एखाद्या प्राध्यापकाने 'निर्णयसागर प्रत' हा शब्दप्रयोग केला नसेल. एखाद्या पाठाविषयी शंका आली की 'निर्णयसागरमध्ये काय आहे ते पाहा' असे म्हणण्याची रीत अनेक विभागांत अद्याप टिकून आहे.

या संस्थेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे ते प्रामुख्याने तिचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांच्याभोवती फिरते. गरिबीतून वर आलेला कष्टाळू मुलगा, सुबक अक्षरांचा ध्यास घेतलेला कारागीर आणि विद्वानांचा आश्रयदाता असे त्यांचे चरित्र रंगविले जाते, आणि ते वास्तवाला सोडून नाही. परंतु जावजींच्या निधनानंतरही हा छापखाना अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालला. आज ग्रंथालयांत आढळणाऱ्या निर्णयसागर प्रतींपैकी बहुतेक त्यांच्या वारसांच्या काळात छापलेल्या आहेत. या उत्तरकाळाचे मूल्यमापन सहसा दोन टोकांना जाते. एका मते वारसांनी केवळ जुन्या कीर्तीवर पुनर्मुद्रणे केली, तर दुसऱ्या मते त्यांनी 'परंपरा समर्थपणे पुढे चालविली'. दोन्ही विधाने ग्रंथांची मुखपृष्ठे न उघडता केलेली आहेत.

वारसांनी संस्थापकाच्या मूळ दृष्टीचा मान राखला काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आठवणी व आख्यायिका यांपेक्षा निर्णयसागरने छापलेल्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांचा व मुद्रक-प्रकाशकांच्या नोंदींचा आधार घेतला आहे. छापखान्याचा खरा दफ्तरखाना त्याच्या ग्रंथांतच असतो.

१. संस्थापकाची दृष्टी : कृतीतून वाचावयाचा जाहीरनामा

जावजींची दृष्टी ठरवायची ती त्यांच्या कृतींवरून. ते लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे घडविण्याचे जे काम चालत असे, ते त्यांनी जवळून पाहिले. पुढे मुंबईतील इतर छापखान्यांचाही अनुभव घेऊन त्यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना सुरू केला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी अक्षर, मग छपाई. आणि ग्रंथप्रकाशन त्यानंतर. सामान्यतः प्रकाशक बाजारातून खिळे विकत घेऊन पुस्तके छापतो. जावजींनी अक्षरापासून पुस्तकाकडे प्रवास केला. या प्रवासात राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची साथ त्यांना लाभली. निर्णयसागरी अक्षराचे डौलदार वळण हे जावजींच्या आग्रहाचे जितके, तितकेच आरूंच्या हाताचे फळ आहे.

या अक्षरनिष्ठेमागे एक सामाजिक अडचण होती. पोथी हाताने लिहिलेली असावी, छापलेली पोथी सोवळ्यात चालत नाही, ही भावना तेव्हा प्रबळ होती. गणपत कृष्णाजींनी त्याआधी छापील पंचांग काढले तेव्हा शाईत चरबीऐवजी तूप वापरून त्यांनी या भावनेशी तडजोड केली होती. जावजींनी याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. हस्तलिखिताहून सुबक अक्षर आणि हस्तलिखिताहून शुद्ध पाठ मिळाला, तर शास्त्री-पंडित स्वतःहून छापील ग्रंथ हाती घेतील, हा त्यांचा विश्वास होता. शाईच्या शुद्धतेकडून पाठाच्या शुद्धतेकडे झालेले हे स्थित्यंतर हीच निर्णयसागरच्या दृष्टीची पहिली खूण होय.

दुसरी खूण पंडितांच्या सहभागात दिसते. काशिनाथ पांडुरंग परब यांचे नाव निर्णयसागरच्या इतक्या ग्रंथांवर संपादक म्हणून आढळते की त्यांना छापखान्याचे विद्वान अंग म्हणता येईल. परब आणि जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद यांनी १८८६ पासून 'काव्यमाला' मासिक स्वरूपात काढण्यास आरंभ केला. शासकीय आश्रयाखाली चालणाऱ्या 'बॉम्बे संस्कृत सीरीज'मध्ये इंग्रजी टिपांसह विद्यापीठीय वाचकासाठी ग्रंथ निघत होते. काव्यमालेने मूळ संस्कृत, संस्कृत टीका आणि संस्कृत प्रस्तावना एवढ्याच सामग्रीवर माफक किमतीत ग्रंथ दिले. पाठशाळेतला विद्यार्थी आणि विद्यापीठातला प्राध्यापक या दोघांच्या हाती एकच प्रत पडली.

तिसरी खूण धाडसाची आहे. काव्यमालेत पहिल्या क्रमांकावर गोवर्धनाची 'आर्यासप्तशती' (१८८६) आहे. पुढे बाराव्या क्रमांकावर जगन्नाथाचा 'रसगंगाधर' (१८८८), एकविसाव्यावर 'गाथासप्तशती' (१८८९) आणि पंचविसाव्यावर अभिनवगुप्ताच्या 'लोचन' टीकेसह 'ध्वन्यालोक' (१८९१) आला. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीची संपूर्ण आवृत्ती १८८१ मध्ये आल्ब्रेख्त वेबर यांनी जर्मनीत काढली होती. आठ वर्षांनी ती गंगाधराच्या टीकेसह मुंबईत छापली गेली. ध्वन्यालोक तर भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासाची दिशाच बदलणारा ठरला. हे ग्रंथ छापताना हमखास खपाची खात्री कोणी दिली असेल असे वाटत नाही.

चौथी खूण मराठी वाचकाची आहे. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक १८८१ पासून निर्णयसागरमधून निघू लागले आणि १८९० पासून वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली प्राचीन मराठी कवींचा 'काव्यसंग्रह' सुरू झाला. जावजींच्या दृष्टीत संस्कृत आणि मराठी, पंडित आणि बालक, एकाच छताखाली होते.

स्वनिर्मित अक्षर, पंडितांच्या सहभागातून पाठशुद्धी, अपरिचित ग्रंथ प्रकाशात आणण्याचे धाडस आणि मराठी वाचकाविषयी आस्था या चार सूत्रांच्या कसोटीवर वारसांचे कार्य तपासणे न्याय्य ठरेल.

२. तुकाराम जावजी : वेग राखणारा वारस

जावजींच्या निधनानंतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंतच्या ग्रंथांवर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी हे नाव दिसते. वडिलांच्या छायेत वावरणारा मुलगा अशी या पिढीची प्रतिमा होणे स्वाभाविक आहे. मुद्रणाच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात.

१८९१ मध्ये काव्यमालेने सव्विसावा क्रमांक गाठला होता. जावजींच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, बेचाळिसावा क्रमांक म्हणून भरताचे 'नाट्यशास्त्र' प्रसिद्ध झाले. त्याच्या संपादकांत परबांबरोबर दुर्गाप्रसादांऐवजी पंडित शिवदत्त यांचे नाव आहे. संस्थापक गेले, प्रमुख संपादकांची जोडी बदलली, तरीही नाट्यशास्त्रासारखा अवघड व पाठदृष्ट्या विस्कळीत ग्रंथ छापण्याचे काम थांबले नाही. पुढे १९०१ मध्ये क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी' एकोणसत्तराव्या क्रमांकावर आणि १९०३ मध्ये त्याचीच 'रामायणमंजरी' त्र्याऐंशीव्या क्रमांकावर आली. म्हणजे सुमारे बारा वर्षांत सत्तावन्न क्रमांकांची भर पडली. ही गती जावजींच्या हयातीतील गतीच्या जवळपास आहे.

काव्यमालेबाहेरही विस्तार झाला. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांनी संपादित केलेली मिताक्षरेसह 'याज्ञवल्क्यस्मृती' १९०९ मध्ये, तर एकशे आठ उपनिषदांचा एकत्रित ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. डल्हणाच्या टीकेसह 'सुश्रुतसंहिता' वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनाखाली १९१५ मध्ये आली. भामती, कल्पतरू आणि परिमल या टीकांसह शांकरभाष्य अनंतकृष्णशास्त्रींच्या संपादनाने १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ ग्रंथाखाली टीका, तिच्याखाली टीकेची टीका आणि तळाशी तिचीही टीका असे पान खिळे जुळवून बांधणे ही जुळाऱ्याच्या कौशल्याची कठोर परीक्षा असते. एका पानावर तीन-चार आकारांचे खिळे, जोडाक्षरांचे शेकडो नग आणि दोन पानांत विभागलेले भाष्य सांभाळताना पाठ न चुकविणे हे काम आजच्या संगणकावरही सोपे नाही.

पहिल्या तीन सूत्रांवर तुकाराम जावजींचा काळ निर्विवादपणे उत्तीर्ण होतो. चौथ्या सूत्रावर मात्र प्रश्न उभा राहतो. या काळात मराठीत नवे साहित्य घडत होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने (१८९५) त्याच मुंबईत नव्या लेखकांना व्यासपीठ दिले. निर्णयसागरची ओळख मात्र हळूहळू 'संस्कृतचा छापखाना' अशी होत गेली. जावजींनी मुलांच्या मासिकाला दिलेली जागा नव्या कवी-कथाकारांपर्यंत विस्तारली नाही. हा विश्वासघात म्हणता येणार नाही, पण दृष्टीचा एक पदर येथे अलगद सुटला हे नोंदविले पाहिजे.

३. पांडुरंग जावजी : जतन, सुधारणा आणि हातून निसटलेला पुढाकार

१९२० व १९३० च्या दशकांतील मुखपृष्ठांवर पांडुरंग जावजी हे नाव येते. उत्तरकाळाविषयीचा आक्षेप प्रामुख्याने याच कालखंडास लागू पडतो, म्हणून त्याचा विचार अधिक बारकाईने करणे आवश्यक आहे.

काव्यमालेच्या क्रमांकांचीच साक्ष येथे पुन्हा घ्यावी. १९०३ मध्ये त्र्याऐंशीवर पोचलेली ही माला भोजाच्या 'सरस्वतीकंठाभरणा'पाशी चौऱ्याण्णवाव्या क्रमांकावर येते, आणि त्या ग्रंथाची एक आवृत्ती १९३४ ची आहे. पहिल्या सतरा वर्षांत त्र्याऐंशी क्रमांक आणि नंतरच्या सुमारे तीन दशकांत जेमतेम अकरा, हा फरक बोलका आहे. माला शंभरी गाठू शकली नाही. नवा ग्रंथ प्रथमच प्रकाशात आणण्याचे धाडस मंदावले आणि छापखान्याची शक्ती आधीच्या ग्रंथांच्या सुधारित आवृत्त्यांकडे वळली.

या मंदावण्याची बौद्धिक किंमत एका लेखकाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. अभिनवगुप्ताचे 'लोचन' प्रथम जगापुढे आणले ते निर्णयसागरने. त्या आवृत्तीत लोचन पहिल्या तीन उद्योतांपुरते होते. चौथ्या उद्योतावरील लोचन सुशीलकुमार डे यांनी १९२३ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केले. अभिनवगुप्ताचीच नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' १९२६ पासून रामकृष्ण कवी यांच्या संपादनाने बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये येऊ लागली. नाट्यशास्त्राचे मूळ ज्यांनी १८९४ मध्ये छापले, त्यांच्या हातून त्याची सर्वश्रेष्ठ टीका निसटली. संशोधनाचा पुढाकार कोळभाट गल्लीतून कलकत्ता आणि बडोद्याकडे गेला. पुण्यात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. तेव्हापासून 'शुद्ध पाठ' या कल्पनेचा अर्थच बदलला. विद्वान शास्त्र्याच्या विवेकाने निवडलेला पाठ आता पुरेसा राहिला नाही. कोणत्या हस्तलिखितात काय आहे याची संपूर्ण नोंद आवश्यक मानली जाऊ लागली. निर्णयसागरच्या संपादनपद्धतीने हा बदल पूर्णपणे आत्मसात केला असे तिच्या नंतरच्या आवृत्त्यांवरून दिसत नाही.

तथापि हा आक्षेप नोंदविताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली गोष्ट साधनांची. बडोद्याच्या मालेमागे संस्थानचा खजिना होता आणि पुण्याच्या संस्थेमागे देणग्या व अनुदाने होती. निर्णयसागरमागे पुस्तकविक्रीतून येणारा पैसा होता. देशभरची हस्तलिखिते गोळा करून वर्षानुवर्षे त्यांची तुलना करीत बसणे खाजगी छापखान्याला परवडणारे नव्हते. पांडुरंग जावजींनी ते केले नाही याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

दुसरी गोष्ट अशी की, धाडस पूर्णपणे संपले नव्हते. ते दुसऱ्या क्षेत्रात गेले होते. यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या सुश्रुतसंहितेची सुधारित आवृत्ती १९३१ मध्ये आणि पुढची १९३८ मध्ये निघाली. १९३९ मध्ये हरिशास्त्री पराडकरांनी संपादित केलेले 'अष्टांगहृदय' अरुणदत्त आणि हेमाद्री या दोघांच्या टीकांसह आले. आयुर्वेदाचे शिक्षण महाविद्यालयीन स्वरूप घेत असताना त्याला विश्वसनीय पाठ्यग्रंथ पुरविण्याचे कार्य या छापखान्याने केले. या आवृत्त्यांची पुनर्मुद्रणे आजही आयुर्वेद महाविद्यालयांत वापरली जातात. ज्याला अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाने 'ऱ्हास' म्हटले, त्यालाच आयुर्वेदाचा अभ्यासक 'उत्कर्ष' म्हणेल. मूल्यमापन करणाऱ्याचे आसन बदलले की निष्कर्ष बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. सत्यभामाबाई पांडुरंग : इतिहासाने न वाचलेले नाव

१९४० च्या दशकातील निर्णयसागर ग्रंथांवर प्रकाशक म्हणून 'सत्यभामाबाई पांडुरंग' हे नाव छापलेले आहे. हे नाव हजारो अभ्यासकांच्या डोळ्यांखालून गेले असेल, पण त्यावर थांबून विचार झाल्याचे क्वचितच आढळते. मराठी मुद्रणाच्या इतिहासात जावजींना प्रकरणे मिळाली. सत्यभामाबाईंना मात्र ग्रंथसूचीतील एक ओळ मिळाली.

त्या ओळीखाली काय काय छापले गेले हे पाहण्यासारखे आहे. चक्रपाणिदत्ताच्या टीकेसह 'चरकसंहिता' (१९४१), पंडित केदारनाथांनी सिद्ध केलेली नाट्यशास्त्राची दुसरी आवृत्ती (१९४३), कुल्लूकभट्टाच्या टीकेसह 'मनुस्मृती'ची दहावी आवृत्ती (१९४६), एकशे वीस उपनिषदांचा संग्रह (१९४८) ही त्यांपैकी काही नावे. ही कामे दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळातील आहेत. कागदाची टंचाई, वाढते दर आणि शहरातील अस्थिरता यांच्या छायेत हजार पृष्ठांचे ग्रंथ काढणे ही केवळ जुन्या गाडीला धक्का देण्याची क्रिया नव्हती. १९१३ चा एकशे आठ उपनिषदांचा ग्रंथ १९४८ मध्ये एकशे वीसांचा झाला. पुनर्मुद्रणातही भर घालण्याची वृत्ती जिवंत होती, हे यावरून सिद्ध होते. नारायण राम आचार्य यांच्यासारखा व्यासंगी संपादक या काळात छापखान्याला लाभला होता.

यातील मनुस्मृतीची नोंद विशेष लक्षवेधी आहे. स्त्रीने कोणत्याही वयात स्वतंत्र असू नये असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून एका स्त्रीचे नाव आहे. या विसंगतीचा कोणी गाजावाजा केला नाही. कदाचित व्यवहाराच्या दृष्टीने ती विसंगतीच नव्हती. पण संस्थापकाची दृष्टी कोणी राखली या प्रश्नाचे उत्तर शोधताना, अत्यंत कठीण दशकात हे नाव मुखपृष्ठावर होते, ही वस्तुस्थिती दुर्लक्षून चालणार नाही. घराण्यातील पुरुषांचे कर्तृत्व 'दृष्टी' आणि स्त्रीचे कर्तृत्व 'सांभाळणे' म्हणून नोंदविण्याची सवय येथेही काम करीत आली आहे.

५. अक्षर आणि हात

पहिल्या सूत्राकडे, म्हणजे अक्षराकडे, परत येणे आवश्यक आहे. निर्णयसागरी खिळे मुंबईबाहेरच्या छापखान्यांतही पोचले. नंतरच्या यांत्रिक देवनागरीच्या आरेखनावरही त्या वळणाची छाप जाणवते. पण यंत्रयुगातील देवनागरीचा पुढचा विचार या छापखान्यात झाला नाही. लायनोटाइप यंत्रासाठी देवनागरी बसविण्याचे प्रयत्न १९३० च्या दशकात हरी गोविल यांनी अमेरिकेत केले. जावजी आपल्या काळातील तंत्राच्या अग्रभागी होते. वारसांनी त्यांचे अक्षर जपले, पण अक्षराविषयीची त्यांची प्रयोगशील वृत्ती जपली नाही. घडविलेले अक्षर ही वस्तू आहे आणि अक्षर घडविणे ही वृत्ती आहे. वारशात वस्तू सहज मिळते; वृत्ती प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.

अक्षराबरोबर ते जुळविणाऱ्या व छापणाऱ्या हातांचाही विचार करावा लागतो. जावजी स्वतः कामगार होते, मात्र त्यांच्या छापखान्यातील जुळाऱ्यांची नावे ग्रंथांवर नाहीत. तरीही कायद्याच्या गरजेपोटी मुद्रकाचे नाव छापले जात असे, आणि ते आज अनपेक्षितपणे उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी 'बा. रा. घाणेकर' आणि त्यानंतर 'रामचंद्र येसू शेडगे' ही नावे मुद्रक म्हणून दिसतात. शेडगे यांचे नाव १९१० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंत आढळते. तुकाराम जावजी, पांडुरंग जावजी आणि सत्यभामाबाई असे तीन प्रकाशक बदलले, पत्ता '२३, कोळभाट गल्ली'वरून '२६-२८, कोळभाट स्ट्रीट' असा झाला, तरी मुद्रक तोच राहिला. पुढे त्या रस्त्याचे नावही डॉ. एम. बी. वेलकर स्ट्रीट झाले. संस्थेचे सातत्य मालकांच्या वंशावळीत शोधण्याची आपली सवय आहे. निर्णयसागरच्या बाबतीत ते सातत्य परब, पणशीकर, आचार्य अशा संपादकांच्या आणि घाणेकर, शेडगे अशा मुद्रकांच्या साखळीत अधिक स्पष्ट दिसते.

६. संस्थापकालाही विचारावयाचा प्रश्न

वारसांना कठड्यात उभे करताना संस्थापकाला मोकळे सोडणे ही चरित्रलेखनाची नेहमीची पद्धत आहे. समीक्षेने ती स्वीकारू नये. १८८८ मध्ये, म्हणजे काव्यमाला सुरू झाल्यानंतर दोनच वर्षांनी, महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम स्थापन केला. हस्तलिखितांचा संग्रह, ग्रंथमाला आणि स्वतंत्र संस्थात्मक रचना या तिन्हींची सांगड तेथे घातली गेली, त्यामुळे संस्थेचे भवितव्य एका कुटुंबाच्या व्यापारी यशापयशावर अवलंबून राहिले नाही. निर्णयसागर ही कुटुंबाची पेढीच राहिली. पंडित, कारागीर आणि भांडवल यांना एकत्र बांधणारे सूत्र जावजींचे व्यक्तिमत्त्व होते. ते नियमांत, विश्वस्त मंडळात वा निधीत उतरले नाही. दृष्टी थोर असली तरी तिच्या रक्षणाची व्यवस्था संस्थापकाने केली नाही, हे स्पष्टपणे म्हणावे लागते.

या संदर्भात व्हेनिसच्या आल्दुस मानुशियसची तुलना उद्बोधक ठरते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने ग्रीक-लॅटिन अभिजात ग्रंथ शुद्ध पाठात व सुटसुटीत आकारात छापले. फ्रान्सेस्को ग्रिफो या कारागिराने त्याच्यासाठी अक्षरे कोरली. जावजी आणि आरू यांची जोडी त्याच जातीची होती. आल्दुस १५१५ मध्ये गेला. पुत्र पाउलुस आणि नातू यांनी छापखाना चालविला आणि १५९७ मध्ये नातवाच्या मृत्यूबरोबर तो संपला. अक्षर मात्र साऱ्या युरोपने उचलले. दोन्ही ठिकाणी घराणे थांबले, पण अक्षर आणि पाठ घराण्याबाहेर जगत राहिले. संस्थापकाच्या दृष्टीचे खरे वारस नेहमी त्याच्या आडनावाचे असतातच असे नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) निर्णयसागरच्या वारसांनी केवळ पुनर्मुद्रण केले हे मत टिकत नाही. तुकाराम जावजींच्या काळात काव्यमालेची गती संस्थापकाच्या काळातील गतीच्या जवळपास होती.

२) वारसांनी परंपरा जशीच्या तशी पुढे चालविली हे मतही टिकत नाही. १९०३ नंतर काव्यमाला मंदावली आणि पाठसंशोधनाचा पुढाकार कलकत्ता, बडोदे व पुणे येथील संस्थांकडे गेला.

३) पाठशुद्धीचे सूत्र अखेरपर्यंत राखले गेले. धाडसाचे सूत्र अलंकारशास्त्रातून आयुर्वेदाकडे वळले, मराठीचे सूत्र लवकर सुटले आणि अक्षराचे सूत्र जतन झाले तरी विकसित झाले नाही.

४) १९४० च्या दशकातील कार्याचे श्रेय सत्यभामाबाई पांडुरंग आणि त्या काळातील संपादक-मुद्रक यांना दिले गेले पाहिजे.

५) दृष्टीला संस्थात्मक रूप न देण्याची उणीव संस्थापकाच्या काळातील आहे, तिचा सर्व भार वारसांवर टाकता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्णयसागर हे नाव नव्या ग्रंथांवरून हळूहळू दिसेनासे झाले. त्याच्या आवृत्त्या मात्र दिल्ली व वाराणसीच्या प्रकाशकांनी छायाचित्रण पद्धतीने पुनःपुन्हा छापल्या. अशा अनेक पुनर्मुद्रणांत पान तेच असते, खिळ्याची तुटलेली मात्राही तीच असते. मूळ प्रकाशक व मुद्रक यांची नावे मात्र गळालेली असतात. महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या प्रती बहुधा याच असतात आणि शोधनिबंधांत संदर्भ दिला जातो तोही नव्या प्रकाशकाचाच. संस्थापकाच्या दृष्टीचा मान राखला गेला काय, हा प्रश्न त्यामुळे जावजींच्या घराण्यापुरता उरत नाही. निर्णयसागरचे पान वापरणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने संदर्भ देताना मूळ आवृत्तीचे वर्ष, संपादक, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावे नोंदविली, तरी त्या दृष्टीतील अचूकतेचे सूत्र पुढे चालू राहील. त्यासाठी खर्च लागत नाही. ग्रंथाचे पहिले पान शोधून ते काळजीपूर्वक वाचावे लागते.